पाण्याकाठी आपलीही एक सुट्टी



यंदा वरवे बुद्रुकच्या बायकांनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं नाही. गेली काही वर्षं आम्ही तिथल्या गटाच्या बैठकांना जातो. दर संक्रांतीला एकच प्रश्न निघायचा. वाण लुटताना विधवा आणि टाकलेल्या बायका मागे बसतात, त्यांना तिळगूळ मिळतो पण कुंकू लावताना हात पुढे सरकतो, याचं काय करायचं? गेल्या वर्षी त्यांतली एक उठून सरळ घरी गेली. म्हणून यंदा डिसेंबरच्या बैठकीत ठरलं की वाणाच्या वर्गणीतून सहल काढायची. सहलीला कुंकवाची अट नसते.

कुठे जायचं यावर मात्र दोन बैठका गेल्या. आधी नावं निघाली ती आळंदीची आणि जेजुरीची. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. देवाला जातो म्हटलं की घरातून नाही म्हणत नाहीत. तेवढ्यात हायवेवरच्या कंपनीत पाळीवर जाणारी एक पोरगी म्हणाली, "ताई, दर रविवारी पुण्याच्या गाड्या आपल्या दारावरनं धरणाकडं जात्यात. आपण या गावात जन्मलो न्हाईतर नांदायला आलो, पण आपल्यातल्या कितीजणींनी धरण बघितलंय?" हात वर झाले सहा. त्यांतल्या दोघी तिथे मजुरीला गेलेल्या होत्या.

वरवे बुद्रुक पुणे-सातारा रस्त्यावर शिवगंगेच्या खोऱ्यात आहे. तिथून कुठल्याही दिशेला तासा-दीड तासावर धरणाचं पाणी लागतं. भोरकडे भाटघर, त्याच्या पुढे नीरा देवघर. वेल्ह्याच्या बाजूला, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडे, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. भाटघरचं साठ्याचं पाणी साडेतेवीस टीएमसी, वरसगावचं पावणेतेराच्या आसपास, नीरा देवघरचं पावणेबारा, पानशेतचं साडेदहाच्या वर. एवढं पाणी उशाशी घेऊन जगणाऱ्या बायकांना पाण्याकाठी दोन तास नुसतं बसून राहण्याची संधी आयुष्यात आलेली नव्हती. म्हणून ठरलं की धरणावर जायचं.

मग घरोघरी उलटतपासणी सुरू झाली. धरणावर कशाला? तिथे काय काम आहे? सोबत पुरुष माणूस कोण? सासूने विचारलं, नवऱ्याने विचारलं आणि एकीला तर तिच्या दहावीतल्या मुलाने विचारलं. हाच मुलगा गेल्या पावसाळ्यात मित्रांबरोबर तीनदा धरणावर जाऊन आला होता, आणि त्याला कोणी काम विचारलं नव्हतं. मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी २०११ साली 'व्हाय लॉइटर' हे पुस्तक लिहिलं. शहरातल्या बाईला घराबाहेर असण्यासाठी कायम काहीतरी कारण हातात धरावं लागतं, कारणाशिवाय ती बाहेर दिसली की ती बिघडली असं मानतात, असं त्यांचं म्हणणं होतं. गावातही वेगळं नाही. हातात हंडा, कपड्यांचा पिळा किंवा गवताचा भारा असला की बाई रानात कुठेही जाऊ शकते. हात रिकामे दिसले की प्रश्न सुरू होतात.

सरकारच्या २०२४ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं की घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं जातात. हा आकडा मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ही मिंटं मोजनारी बाई आमच्यात आली नसनार. चार तास नि पन्नास मिंटांत आमचं निम्मंच हुतंय."

सहलीचा नियम एकच केला होता. कोणीही घरून स्वयंपाक करून आणायचा नाही, कारण नेहमीची सहल म्हणजे पहाटे तीनला उठून पुऱ्या लाटायच्या आणि तिथे जाऊन सगळ्यांना वाढायचं. जेवण वाटेतल्या गावातल्या बायकांना सांगितलं होतं. तरी सकाळी दोन वडाप जीपमध्ये तेवीस जणी चढल्या तेव्हा नऊ जणींच्या पिशवीत डबे निघाले. घरच्यांसाठी करायचंच होतं, मग त्यातच चार भाकऱ्या जास्त थापल्या, असं त्यांचं उत्तर.

कापूरहोळला वळून भाटघरच्या काठाला आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. हे धरण वेळवंडी नदीवर, १९२८ साली पुरं झालेलं. भोर संस्थानच्या मुलखात इंग्रज सरकारने बांधलं आणि त्याला लॉईड हे एका गव्हर्नराचं नाव दिलं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. भिंतीला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. इथून सुटलेलं पाणी नीरेतून वीर धरणात जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या रानात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता, देऊळ पाण्याखालीच होतं.

भिंतीपासून दूर, फुगवट्याच्या एका उथळ काठाला आम्ही उतरलो. पहिली पाच मिनिटं सगळ्या गप्प बसल्या. मग एकीने डबा काढून घासायला घेतला. दुसरीने पोराचा स्वेटर पिशवीतून काढून पाण्यात बुचकळला. तिसरी दगड शोधू लागली, पाय घासायला नव्हे, पातळ धुवायला. आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण पाणी दिसलं की हाताला काम आठवतं, ही त्यांची एकटीची सवय नाही. हापसा, आड, नळाची रांग, ओढ्यावरचं धुणं, जनावरांची कुंडी, एवढ्याच ठिकाणी आपली आणि पाण्याची गाठ पडत आली आहे. पाण्याशी खेळायचं ते पुरुषांनी आणि पोरांनी.

कितीजणींना पोहता येतं, असं मी विचारलं. चौघी निघाल्या. चौघीही लहानपणी विहिरीत शिकलेल्या, पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून, बापाने किंवा चुलत्याने वरून ढकलून दिलेल्या. आणि चौघींचंही पोहणं एकाच वेळी थांबलं, शहाण्या झाल्या तेव्हा. ओल्या कपड्यांत विहिरीतून वर यायचं कसं, हा प्रश्न कोणी सोडवला नाही, पोरीलाच विहिरीपासून लांब ठेवलं. मी स्वतः शहरात वाढले. पोहायला शिकले ती चाळिशी ओलांडल्यावर, दुपारी बायकांची वेगळी तुकडी असायची तिथे. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी अर्धा तास दार लावून बसून होते. पाण्याची भीती नंतर वाटली, आधी स्वतःच्या पायांची लाज वाटली.

हे सगळं मी हलक्या मनाने लिहू शकत नाही. तरण्या पोरी गुडघाभर पाण्यात शिरल्या तेव्हा मीच ओरडले, "पुढे जाऊ नका गं!" कारण याच भाटघरच्या पाण्यात, भोर तालुक्यातल्या नऱ्हे गावाजवळ, १९ मे २०२२ रोजी पाच तरुण बायका बुडाल्या. एकमेकींच्या नात्यातल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात खडकवासल्याच्या काठाला गोऱ्हे खुर्दजवळ नऊ मुली बुडू लागल्या. दशक्रियेला जमलेल्या गावकऱ्यांनी उड्या टाकून सात जणींना काढलं, दोघी गेल्या. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातली बाई आणि चार मुलं वाहून गेली.

दर वेळी दोन गोष्टी होतात. प्रशासन मनाई आदेश काढतं आणि समाज म्हणतो, बायकांनी जायचंच कशाला. पावसाळ्यात फुगलेल्या पाण्यावर बंदी असायलाच हवी, तिथे वाद नाही. एकूण पाहिलं तर बुडून मरणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. पण पुरुष बुडाले म्हणून पुरुषांनी पाण्यावर जाऊ नये, असं कोणी म्हणत नाही. दारू पिऊन उतरू नका, असं म्हणतात. बाई बुडाली की मात्र तिच्या बाहेर पडण्यावरच बोट ठेवतात. मग पुढच्या पिढीतली पोर पाण्याला आणखी भिते, पोहायला शिकत नाही, आणि कधीतरी धुण्याला गेली, पाय घसरला की तशीच बुडते. बंदीने तिला वाचवलं नाही, शिकवलंही नाही.

धरणाचं पाणी नदीच्या घाटासारखं नसतं, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. ती बुडालेली डोंगरउतरण असते. खाली भाताची खाचरं, त्यांचे बांध, जुन्या विहिरी, ओढे आणि नदीचं मूळ पात्र तसंच असतं. एका पावलाला गुडघाभर, दुसऱ्या पावलाला डोक्यावर. वर गाळ, त्यामुळे पाय रोवत नाही. पाणी सोडलं की काठ सरकतो, म्हणून मागच्या महिन्यातली ओळखीची जागा या महिन्यात ओळखीची राहत नाही. साडी भिजली की पायांना गुंडाळते. आणि सगळ्यांत घातक म्हणजे आपली माया. एक घसरली की दुसरी हात देते, दुसरीला तिसरी, आणि साखळीच्या साखळी आत जाते.

म्हणून काठावर बसूनच आम्ही एक धडा घेतला. हात द्यायचा नाही. काठावर पालथं पडायचं आणि काहीतरी लांब फेकायचं. ओढणी दोन-सव्वादोन मीटरची असते, साडी साडेपाच मीटरच्या आसपास. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बुडणाऱ्या बाईला तरंगत ठेवायला मदत करतो. दोघी-दोघींच्या जोड्या करून साडी फेकण्याचा सराव झाला. हसून हसून पुरेवाट झाली. पण परत निघताना सगळ्यांना ते येत होतं. कुठल्याही गटाला हे तासाभरात करता येईल, जरूर करा.

दुपारी भोर ओलांडून आम्ही महाडच्या रस्त्याला लागलो आणि नीरा देवघरला पोचलो. हे धरण अलीकडचं. जीपमधली एक वहिनी सकाळपासून गप्प होती. पाणी दिसल्यावर ती काठाच्या एका उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. तिचं माहेर त्या पाण्याखाली होतं. "तिकडं आमचं खळं. त्या टेपाच्या खाली जोतं. आता माहेराला जायचं म्हंजी बुडी मारायची," ती म्हणाली. धरण झालं तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. जमिनीच्या बदल्यात जे मिळालं ते भावांना मिळालं आणि भाऊ लांब लाभक्षेत्रात गेले. तिच्या आईने तिथे जाऊन चार वर्षांत प्राण सोडला. लेकीला पंचमीला आणायला कोणी आलं नाही, कारण आणायचं कुठे? शहरातून आलेल्या माणसाला जो देखावा दिसतो, तो तिला दिसत नव्हता.

आपल्याकडे धरणं बांधून झाली तेव्हा कुटुंब म्हणजे खातेदार पुरुष हेच गृहीत होतं. नर्मदा लवादाच्या १९७९ सालच्या निवाड्यात सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरलं, सज्ञान मुलगी नाही. स्त्री संघटना आणि धरणग्रस्तांच्या चळवळी यावर वर्षानुवर्षं भांडल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, वेगळं कुटुंब मानली गेली आणि विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांनाही ते स्थान मिळालं. पण या कायद्याच्या कितीतरी आधी ही खोरी बुडाली होती. १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात मावळातल्या बायकाही होत्या. तेव्हापासून आजपर्यंत बाईचं काय बुडालं याची वेगळी मोजदाद झालेली नाही.

जेवण काठावरच्या एका वस्तीत होतं. पाणी चढत आलं तशी ही वस्ती वर सरकली. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात, मिरचीचा ठेचा. वाढणाऱ्या काकूंना विचारलं, समोर एवढं पाणी, तुम्हाला नळ आहे का? आहे, पण चैत्र-वैशाखात येत नाही, म्हणाल्या. मग उतरलेल्या काठापर्यंत गाळ तुडवत जावं लागतं. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाणी दुकानात असतं. आसपासचे प्लॉट शहरातल्या लोकांनी घेतले आहेत, तिथे झाडलोट आणि भांडी करायला याच वस्तीतल्या बायका जातात.

जेवताना आणखी एक घडलं. एकीने आपली पाण्याची बाटली दुसरीपुढे केली. दुसरी क्षणभर थांबली, मग तिने घेतली. तो क्षण सगळ्यांनी पाहिला आणि कोणी काही बोललं नाही. मग बाटली देणारीच म्हणाली, "ह्याच रस्त्यानं वरंधा घाट उतरून आम्ही वीस मार्चला महाडला जातो." १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. घाटाच्या त्या अंगाला हा लढा चालू असताना या अंगाला भाटघरची भिंत चढत होती. पाणी सार्वजनिक आहे असं लिहून ठेवल्याने ते सर्वांचं होत नाही, तिथे पोचावं लागतं. आमच्या तेवीस जणींच्या सहलीलाही हे लागू आहे. बाईला सुट्टी हवी म्हणताना कुठल्या बाईला, हा प्रश्न आपण विसरायचा नाही.

म्हणून या बैठकांतून पुढे आलेल्या मागण्या इथे मांडते.

पाण्यापासून लांब राहा हे पुरे झालं, आम्हाला पोहायला शिकवा. जागतिक आरोग्य संघटनाही बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा, असंच सांगते. १९९४ साली आपल्या मुंबईची बारा वर्षांची रूपाली रेपाळे इंग्लिश खाडी पोहून गेली. आपल्या पोरींना निदान विहीर पोहून जाता यावी. शाळेतल्या मुलींसाठी आणि मोठ्या बायकांसाठी तालुक्याला शिकवण्याची सोय हवी.

जिथे लोक उतरतातच, तिथे खोलीचे फलक, दोर, तरंगती कडी आणि शिकलेले जीवरक्षक हवेत, त्यांत गावातल्या मुलीही हव्यात. बायकांसाठी संडास-मुतारी आणि कपडे बदलायला आडोसा हवा. त्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणी कमी प्यालो, ते कशासाठी हे बायकांना सांगायला नको.

खानावळ, बोटी, वाहनतळ यांचे परवाने द्यायचे झाले तर आधी धरणग्रस्तांना, आणि घरातल्या बाईच्या नावाने. आणि पर्यटनाचा पहिला फलक लागण्याआधी काठावरच्या वस्तीला बारमाही नळ.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याचा उपयोग दवाखाना, माहेर आणि बाजार यांच्या पलीकडेही व्हायला हवा. त्यासाठी रविवारी फेऱ्या हव्यात.

शेवटी एक सांगते. गेल्या संक्रांतीला उठून गेलेली ती बाई यंदा सगळ्यांच्या आधी जीपमध्ये बसली होती. परतताना उन्हं कलली तेव्हा तिने चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ काही न करता. कोणी हाक मारली नाही. घरी पोचायला साडेसात झाले. दोघी-तिघींना बोलणी बसली, एकीच्या नवऱ्याने भात लावून ठेवला होता, त्याचीच पुढच्या बैठकीत जास्त चर्चा झाली. उन्हाळ्यात गावातल्या एका विहिरीवर, मालकाची परवानगी घेऊन, बायकांनी पोहायला शिकायचं ठरवलं आहे. अकरा जणींनी नावं दिली आहेत. वाळके भोपळे शोधणं चालू आहे.

तुमच्या भागातल्या तळ्यावर, धरणावर तुम्ही कशा जाता, कोण अडवतं, काय लागतं, ते जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.

— संपादक